आत्येचं पालथं डालगं

माझ्या आत्येने उभ्या आयुष्यात एकही वस्तू टाकली नाही. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि ‘एकही’ हा शब्द जपून वापरावा एवढं तर्कशास्त्राच्या वर्गात माझ्या डोक्यात भरवलेलं आहे. तरीही मी तो इथे बिनधास्त वापरते. लोक जिला केर म्हणतात ती चीज आत्येच्या घरात नव्हतीच. घर झाडून झालं की सुपलीत जे जमे त्यातले तांदळाचे दाणे कोंबड्यांना, काड्या चुलीला, माती अंगणाला आणि केस चिमणीच्या घरट्याला अशी वाटणी होऊन सुपली रिकामी भिंतीला लागे. कुणी चुकून तिच्यासमोर ‘हे टाकू का?’ म्हटलं, की ती हातातलं काम थांबवी, विचारणाराकडे नीट बघे आणि खरोखरच माहिती हवी असल्यासारखं विचारी, “टाकायचं म्हणजे कुठे?” या प्रश्नाला आजवर कुणी धड उत्तर दिलेलं मी ऐकलेलं नाही. एकदा एका पाहुण्याने आवाराच्या दगडी भिंतीकडे बोट करून ‘गडग्यापलीकडे’ म्हणून पाहिलं. आत्ये म्हणाली, “पलीकडे मामी राहते हो. तिला विचारून या आधी.”

रत्नागिरीत, बंदराकडे उतरणाऱ्या एका पायऱ्यापायऱ्यांच्या पाखाडीच्या कडेला तिचं कौलारू घर आणि घरामागे थोडे माड. त्या माडांवर तिचा संसार चाले म्हटलं तर खोटं नाही, फक्त नारळ हा तिच्या लेखी माडाचा सर्वांत कमी महत्त्वाचा भाग होता. झावळ्यांचे झाप, हिरांचे खराटे, नारळाच्या सोडणांचा जाळ, करवंट्यांच्या वाढायच्या डवल्या, आणि या सगळ्यातून जे उरे त्याची राख. राखेने भांडी, राखेने दात, उरलेली राख पुन्हा माडाच्या आळ्यात. कोकमाच्या बियांचं तेल ती टाचांना लावी. माशांची खवलं मिरचीच्या रोपाला घाली, आणि त्या मिरच्यांना माशाचा वास येतो असं शेजारी म्हणत तेव्हा ती त्यांना सांगे, “मग तेवढ्यात भागवा, मासे नका आणू आज.” रॉकेलचे रिकामे डबे रत्नागिरीत नुकते कुठे दिसू लागले होते, तेव्हा तिच्याकडे त्यांची बादली, कुंडी, पन्हळ आणि कोंबड्यांचं पाणी प्यायचं भांडं झालेलं होतं. काकांची, म्हणजे तिच्या यजमानांची, मुंबईहून पत्रं येत. ती वाचून झाली की पाकिटं उलटी करून चिकटवली जात आणि उत्तरं त्यांतूनच मुंबईला परत जात. काका मुंबईत एका पेढीवर कारकून. शिमग्याला आणि गणपतीला घरी यायचे, गरीब माणूस, फार बोलायचे नाहीत. एकदा मात्र ओटीवर बसून हळूच मला म्हणाले, “मी मुंबईत असतो तेच बरं बाय. इथे कायमचा राहिलो तर माझंही काहीतरी करील ही.”

तिच्या लुगड्यांच्या आयुष्याला तर चरित्र हाच शब्द शोभतो. लुगडं आधी सणाचं, मग बाहेर जायचं, मग रोजचं. रोजचं झालं की मध्ये विरणार, विरलं की मधून फाडून कडेच्या बाजू मध्ये आणून दंड घालायचा. दंडही विरला की अर्ध्या लुगड्याची गोधडी आणि उरलेल्या मऊसूत अर्ध्याचे धडपे. धडप्यांचं पुढे पोतेरं, पोतेऱ्याचा काकडा, काकड्याची राख, आणि राख आळ्यात. मागीलदारच्या एका माडाला ती ‘माझं लग्नातलं लुगडं’ म्हणे. त्याचं शहाळं कुणाला दिलं की विचारी, “गोड लागलं ना? जरीकाठी होतं.”

आता ते धडपे कशासाठी, हे सांगायला हवं. इथे काही वाचक पान उलटतील, काही नाकं मुरडतील. मुरडोत. जगातल्या अर्ध्या माणसांना दर महिन्याला जे लागतं त्याचं नाव घेतलं की उरलेल्या अर्ध्यांना घाम का फुटतो हे मला बी.ए. होऊनही कळलेलं नाही. बायकांना महिन्याच्या चार दिवसांत लागतात ते हे धडपे.

माझं माहेर मालगुंड. आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, तिथे किराण्याचं लहानसं दुकान. आमच्या घरात तोवर कुणी इंग्रजीचं अक्षर शिकलेलं नव्हतं, मुलीची तर गोष्टच दूर. मराठी शाळा संपवून मी हटून बसले, तेव्हा आबांनी कंटाळून मला रत्नागिरीला आपल्या थोरल्या बहिणीकडे पाठवलं. आत्येला मूलबाळ नव्हतं, घर रिकामं होतं, आणि तिने निरोप धाडला होता की पोरीला पाठव, सोबत भांडी पाठवू नकोस, माझ्याकडे करवंट्या आहेत. आबांची अट एकच. “चार लोकांत बोलायला जागा झाली, की त्या दिवशी शाळा बंद.” या अटीवर मी इंग्रजी शाळेत जाऊ लागले. वर्गात मुली अशा आम्ही बोटांवर मोजण्याइतक्या होतो, आणि प्रत्येकीच्या घरी थोड्याफार फरकाने हीच अट होती. बऱ्याच जणींची शाळा कुणी न बोलताच संपे. मुलगी बाहेरची होऊ लागली की महिन्याला चार दिवस घरी, मग आठ दिवस, मग लग्न.

माझी वेळ आली तेव्हा मी रडत न्हाणीघरात जाऊन बसले. आत्ये आली, तिने पाहिलं, आणि म्हणाली, “रडतेस कसली? ऊठ. मोरपंखी लुगडं कधीपासून तुझ्यासाठी जपून ठेवलंय.” मला वाटलं नेसायला देते. तिने माझ्यासमोर त्याचे टराटरा धडपे केले, घड्या घालून दाखवल्या, कमरेला बांधायची नाडी शिवून दिली, आणि तिसऱ्या दिवशी शाळेत धाडलं. देवाला आणि चुलीला शिवायचं नाही हे तीही पाळी. “पण तुझ्या शाळेत देवही नाही आणि चूलही नाही,” ती म्हणाली, “मग घरी बसून काय करशील? कोंबड्या मोजशील?” मात्र धडप्यांच्या बाबतीत ती देवपूजेपेक्षा कडक होती. आधी गार पाणी, मग राखेचं निवळ, मग रिठे, आणि मग ऊन. मागीलदारी जांभ्या दगडाचा एक मोठा चिरा होता, त्याच्यावर भर दुपारी ते पसरून ठेवायचे. ऊन न लागलेला धडपा अंगाला लावायचा नाही, लावला तर त्या दिवशी जेवायला मिळायचं नाही, असा कायदा होता.

हा कायदा बाकी आळीत कुणालाच ठाऊक नव्हता. बाकीच्या घरांत धडपे सुकत नसत, लपत. कुठे लाकडांच्या रचणीमागे, कुठे ओल्या लुगड्याच्या खाली, कुठे माळ्यावरच्या अंधारात. गडग्यापलीकडची मामी, जिला सगळी आळी मामी म्हणे आणि जी सगळ्या आळीची बातमी ठेवी, तिच्या घरातल्या लेकीसुनांचे धडपे गोठ्यात गवताच्या भाऱ्यांखाली असत. तिथून मग खाज, चट्टे, कधी ताप. आणि तापाला मामीच्या मते एकच कारण, दृष्ट.

माझ्या मॅट्रिकच्या वर्षी पाऊस असा लागला की ऊन या गोष्टीवरचा माझा विश्वास उडाला. घरात दोरीवरची चिरगुटं दोरीवरच कुजायला लागली. याआधीच्या पावसाळ्यांत आत्येने त्यावर तोड काढली होती. मागच्या पडवीत न्हाणीचं पाणी तापवायचं चुलाण होतं. त्यातले निखारे एका खापरात काढायचे, त्यावर कोंबड्या झाकायचं बांबूचं डालगं पालथं घालायचं आणि डालग्यावर धडपे पसरायचे. तासाभरात ते पापडासारखे कडकडीत होत. बाळंतिणीच्या घरी बाळाची दुपटी अशीच सुकवतात हे मला ठाऊक होतं, पण ज्या घरात बाळच नाही तिथे त्याचं काय! शिवाय मागच्या पडवीत ते कुणाला दिसतही नव्हतं. त्या वर्षी मात्र श्रावणाच्या तोंडावर मागच्या पडवीचा कूड, म्हणजे काड्यामातीची भिंत, पावसाने बसला, छपराची एक बाजू खाली आली, आणि चुलाण उचलून पुढच्या पडवीच्या कोपऱ्यात मांडावं लागलं. पुढची पडवी म्हणजे पाखाडीवरून येणाराजाणारा प्रत्येक माणूस.

एवढ्याने काही बिघडलं नसतं. पण आत्ये लसणीची सालंही टाकत नसे. ती एका मडक्यात साठवलेली होती, त्या मडक्यात जुनाट ओवाही होता, आणि निखाऱ्यांवर काहीतरी घालायचंच तर हेच घालावं, डास तरी जातील, म्हणून तिने मूठभर धुरी घातली. आता कोकणातल्या कुठल्याही बाईला डोळे बांधून उभी करा. लसणीची सालं आणि ओवा यांची धुरी नाकात गेली की ती विचारील, मुलगा की मुलगी?

त्यातच मी हिवतापाने आडवी झालेली. शाळेत आठवडाभर पत्ता नाही. त्यातच मांजरीने माळ्यावर पिल्लं घातली आणि ती पिल्लं दिवसभर केकाटत. त्यातच अशक्तपणाला बरे म्हणून आत्येने मामीकडून मूठभर अळीव मागून आणले. दुसऱ्या दिवशी मामी डोक्यावर इरलं घेऊन आली आणि ओटीच्या पायरीवर टेकली. मी आत गोधडीत होते. त्या दोघींचं बोलणं मी शब्दन् शब्द ऐकलं, आणि तापात असल्यामुळे मला त्यात काहीही वावगं वाटलं नाही.

“कशी आहे गो?” मामीने आवाज उतरवून विचारलं.

“आता उतार आहे. काल उठून बसली,” आत्ये म्हणाली.

“फार त्रास झाला?”

“झाला म्हणजे! दोन दिवस नुसती कण्हत होती. पहिल्यांदाच झालं ना तिला असं.”

“पहिल्यांदाच,” मामी म्हणाली. डालग्यातून धूर येत होता, माळ्यावर पिल्लं ओरडत होती. “आणि… बाकी?”

“बाकी काय?”

“नाही, म्हणजे… आबांना कळवलंत?”

“त्याला कशाला? उगाच धावत येईल. होईल महिन्याभरात धडधाकट, जाईल शाळेत.”

“शाळेत!” मामी म्हणाली. ती उठली, जाता जाता डालग्याकडे पाहून तिने हात जोडले की काय कोण जाणे, आणि पाखाडी उतरायच्या आधीच मी आई झाले.

बातमी मालगुंडला पोचायला पत्र लागलं नाही. ती खाडीच्या तरीवरून गेली. तरीवाल्याने ती दुकानात गुळाची ढेप घेता घेता आबांना दिली, तीसुद्धा हळहळून. तिसऱ्या दिवशी दुपारी आबा आले. छत्री असून नखशिखांत भिजलेले. मागे आळीतले पेन्शनर भाऊ. कचेरीतून निवृत्त झाल्यापासून आळीची अब्रू हे खातं त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं. त्यांच्या मागे मामी. तिघं अंगणात उभे राहिले. पाऊस पडत होता, तरी आबा पडवीत चढेनात.

“अरे आब्या, पाय धू आधी, वर ये,” आत्ये म्हणाली. मालगुंडात आबांना सगळे शेटजी म्हणत. आत्ये त्यांना चारचौघांतही आब्या म्हणे.

“बायला सामान बांधायला सांग,” आबा म्हणाले. मी दाराशी येऊन उभी राहिले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. “शाळा संपली.”

“का ती?”

“मूल कुठे आहे?”

“कुणाचं मूल?”

भाऊ खोकले. “हे पहा वहिनी, आता लपवण्यात अर्थ नाही. आळीच्या अब्रूचा प्रश्न आहे. मार्ग काढता येईल. मालगुंडकडे कुणी बिजवर—”

आत्येने भाऊंकडे पाहिलं, मामीकडे पाहिलं. मामीची नजर ज्या बाजूला होती तिकडे पाहिलं. तिकडे पालथं डालगं, त्यावर धुऊन धुऊन पांढुरके झालेले मऊ चौकोनी तुकडे ओळीने, आणि लसणीचा धूर. तिला समजलं आणि ती हसायला लागली. पदर तोंडाला लावून, खांबाला धरून, डोळ्यांतून पाणी येईतो हसली. मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. मी हसत नव्हते. मॅट्रिकची पुस्तकं आत फळीवर होती, आणि मला एवढंच कळत होतं की ती आज मिटली तर पुन्हा उघडायची नाहीत. आत्येचं हसणं जागच्या जागी थांबलं. ती डालग्यापाशी गेली, वरचा एक धडपा उचलला आणि दोन्ही हातांत ताणून सगळ्यांसमोर धरला.

“हे बघ आब्या. बाळाचं दुपटं एवढं असतं होय? हे बाळाचं नव्हे. हे बाळ नसतं तेव्हाचं. दर महिन्याला बायकांना लागतं ते. आपली आई हेच वापरायची, तुझी बायको हेच वापरते, आणि तुझी बाय वापरते. मूल असतं तर हे कशाला सुकवलं असतं मी? एवढं तरी डोकं चालव.”

भाऊ आपल्या वहाणांकडे पाहत होते. मला आजही वाटतं, त्या क्षणी त्या दोघा पुरुषांना मूलच परवडलं असतं. मुलाबद्दल निदान बोलता तरी येतं.

“भाऊ, तुमच्याकडेही असतील,” आत्ये पुढे म्हणाली. “तुम्हाला दिसायचे नाहीत. मामीकडे आहेत, गोठ्यात, गवताखाली.”

“गप बस गो मेले!” मामी किंचाळली.

“गप का बसू? पोरीला जन्मातून उठवायला निघालात तेव्हा बसलात गप? थोरल्या सुनेला तुझ्या खरूज कशाने झाली, दृष्टीने? उन्हात घाल म्हणावं. ऊन नसलं तर डालगं घे, मी देते.”

भाऊंनी छत्री उघडायला हात घातला. ती आधीच उघडी होती, म्हणून मिटली. मग पुन्हा उघडली आणि पाखाडीला लागले. मामी त्यांच्या पाठोपाठ गेली. आबा उरले. ते पायरीवर बसले, चेहरा पुसला, आणि इकडे तिकडे पाहत म्हणाले, “चूक झाली. पण अक्का, लोक बोललेच ना. माझी अट होती. हिला नेतोच मी. कार्तिकात कुठे तरी…”

“ने,” आत्ये म्हणाली. मी हादरले. “ने की. पण मग खरं काय ते लोकांना कळायला नको? परवा नारळी पौर्णिमा. सगळी रत्नागिरी बंदरावर येईल. तिथे दोन काठ्या रोवते, दोरी बांधते आणि हे सगळे वाळत घालते. विचारील त्याला सांगते, मालगुंडच्या शेटजींच्या मुलीवर आळ आला होता, तो हा असा खोटा.”

आबांनी तिच्याकडे पाहिलं. ते तिच्या पाठीवर जन्मले होते. ती बोललेलं करते हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

“ठेव हिला,” ते म्हणाले. “पण ते डालगं मागे ने.”

“मागे कूड पडलाय.”

आबा उठले. त्यांनी कोट काढून खुंटीला लावला, धोतर खोचलं आणि मागीलदारी गेले. दोन दिवस राहून, पडक्यातल्या जुन्याच कारवीच्या काड्या वापरून त्यांनी कूड नवा बांधला, शेणमातीने लिंपला, छप्पर सावरलं. आत्ये शेजारी उभी राहून सांगत होती, ती काडी टाकू नकोस, ती अजून चांगली आहे. आमच्यात त्याविषयी पुढे एक शब्द झाला नाही. मला कॉलेजात पाठवायचा विषय निघाला तेव्हाही आबा एवढंच म्हणाले, “अक्काला विचारा.” माझी पदवी त्या कुडावर उभी आहे असं मी म्हणते, आणि यात काव्य मुळीच नाही.

आळीने आत्येला त्या वर्षी हळदीकुंकवाला बोलावलं नाही. तिला त्याचं फारसं वाटलं नसावं. ती एवढंच म्हणाली की वाणात हल्ली नाही तरी कचकड्याच्या वस्तू देतात, त्यांचं पुढे काही होत नाही. पण त्या हिवाळ्यात एकेक जण मागच्या दाराने येऊ लागली. कुणी विरजण मागायला, कुणी आपलं उगाच. जाता जाता विचारी, राखेचं पाणी निवळायला किती वेळ ठेवायचं? पुढच्या श्रावणात मामीच्या मागीलदारी धूर दिसला. मी गडग्यावरून विचारलं, मामी, काय चाललंय? म्हणाली, “डास फार झालेत गो यंदा.”

पुण्याला मी निघाले तेव्हा आत्येने धडप्यांची पिशवी माझ्या ट्रंकेत पुस्तकांच्या वर ठेवली. होस्टेलात डालगं कुठलं? मी शेगडीवर पिठाची चाळण पालथी घालून भागवलं, आणि मोठमोठ्या घरांतल्या मुली ते बघायला माझ्या खोलीत येत. पुढे मुंबईत नोकरी लागल्यावर मी एका इंग्रजी औषधाच्या दुकानातून कापसाच्या तयार घड्यांचं पुडकं घेतलं. मला ते सोयीचं वाटलं, आजही वाटतं. प्रत्येक बाबतीत आत्ये बरोबर होती असं मी म्हणणार नाही. त्या मिरच्यांना माशाचा वास येई हे खरंच आहे. सुट्टीत मी ते पुडकं कौतुकाने तिला दाखवलं. तिने एक घडी हातात घेतली, दाबली, वास घेतला. “कापूस चांगला आहे हो,” म्हणाली. “आणि वापरून झाल्यावर?”

“टाकायचं.”

ती माझ्याकडे बघत राहिली. प्रश्न तिने या वेळी विचारला नाही, मी शिकलेली होते म्हणून असेल. फक्त उरलेलं पुडकं ठेवून घेतलं. महिनाभर संध्याकाळी तुळशीपुढे त्या कोऱ्या कापसाच्या वाती जळत होत्या, आणि मामी त्यांच्या शुभ्रपणाची वाखाणणी करून गेली.

पुढे लग्न झालं, आणि मला मुलगी झाली ती मुंबईतच. हिवाळ्याचे दिवस, आगबोटी चालू होत्या. काका तेव्हा मुंबईतच होते, ते आत्येला उतरवून घ्यायला धक्क्यावर गेले. दोघं आली तेव्हा काकांच्या हातात तिचं बोचकं होतं आणि तिच्या डोक्यावर, मुंबईच्या रस्त्यातून, ते डालगं. जुनं, धुराने तांबूस झालेलं, दोन ठिकाणी काथ्याने बांधलेलं.

“आत्ये, मुंबईत डालगी मिळतात गो,” मी म्हणाले.

“हे आहे ना,” ती म्हणाली आणि थेट शेगडीकडे निखाऱ्यांच्या तयारीला गेली.

ती आत असताना काका माझ्या खाटेशी येऊन बसले. बराच वेळ टोपी गुडघ्यावर फिरवत होते. मग म्हणाले, “ते डालगं कोंबड्यांचं नव्हे हो बाय. बुरुडाकडून मुद्दाम विणून घेतलं होतं तिने. आमचं पहिलं व्हायचं होतं तेव्हा. मूल काही राहिलं नाही. मी म्हटलं, हे आता कुणाला तरी देऊन टाकू. म्हणाली, राहू दे. मग कोंबड्या आणल्यान.”

मला श्रावणातली ती दुपार आठवली. अंगणात उभं राहून ‘मूल कुठे आहे?’ असं आबा तिला विचारत होते, आणि ती खांबाला धरून डोळ्यांतून पाणी येईतो हसली होती.

बाहेरच्या खोलीत लसणीच्या सालांचा वास सुटला. सालं तिने रत्नागिरीहून आणली होती. डालगं पालथं घालून तिने माझ्या मुलीची दुपटी त्यावर एकेक करून पसरली, सुरकुत्या काढल्या, कडा सारख्या केल्या, आणि भिंतीला टेकून बसली. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत दुपटी केव्हाच सुकली. मी खाटेवरून म्हटलं, “आत्ये, झाली असतील. काढ ती, कोळसे तरी वाचतील.”

कोळसे वाचण्याची गोष्ट आत्येला दुसऱ्या कुणी सांगावी लागली, ती हीच एक वेळ.

“राहू दे गो थोडा वेळ,” ती म्हणाली. “डालग्याला कोंबड्या काय, नेहमीच्याच आहेत.”